हॅलोवीनचं भुताचं जेवण: पास्त्याची तीन पाकिटं आणली, तिन्ही शिजवून बघितली, कोणतं घ्यायचं ते सांगतो

घाईत असाल तर एवढंच वाचा. घरात मासे चालत असतील तर माकुलाच्या, म्हणजे कटलफिश नावाच्या समुद्री प्राण्याच्या शाईची काळी स्पॅगेटी घ्या, बिनधास्त घ्या. शाकाहारी घर असेल तर काळ्या सोयाबीनची स्पॅगेटी घ्या, पहिल्या घासाला वेगळी लागते पण चांगली आहे. आणि भोपळे, भुतं, वटवाघळं अशा आकाराचा रंगीत पास्ता खिडकीवाल्या पाकिटात मिळतो ना, तो पोरांनी फारच हट्ट धरला तर घ्या आणि घेतलात तर सूपमध्ये टाका. आता सविस्तर.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथे ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी पोरं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं गोळा करायला जातात आणि आईबापांना दरवर्षी एकच काळजी असते, की पोरं बाहेर पडायच्या आधी त्यांच्या पोटात काहीतरी धड अन्न जावं, कारण एकदा ती पिशवी हातात आली की रात्रीपर्यंत नुसती साखर. २०२४ ला दिवाळी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले होते, तेव्हा पोरं चकल्या, चिवडा, शंकरपाळे खाऊन निघाली, काही करावंच लागलं नाही. २०२५ ला दिवाळी दहा दिवस आधीच होऊन गेलेली, फराळाचे डबे तळाला लागलेले, ३१ तारीख शुक्रवारी, बायको हॉस्पिटलमध्ये नर्स आहे तिची नेमकी त्या दिवशी दुपारची शिफ्ट, आणि माझी आई सांगलीहून आलेली. म्हणजे स्वयंपाकघर माझ्याकडे. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा, शिवाय त्यांच्या शाळेतली तीन पोरं आमच्याच घरून निघणार होती. थोरलीनं महिनाभर आधीच सांगून ठेवलेलं, "बाबा, या वर्षी जेवण पण भुताचं पाहिजे हं."

वेळेचं गणित असं, की घड्याळं तासाभरानं मागे जातात ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, हॅलोवीनला अजून जुनीच वेळ असते, त्यामुळे आमच्याकडे अंधार पडायला सहा वाजतात. पोरं पावणेसहाला निघणार, म्हणजे ताटं सव्वापाचला समोर हवीत. माझं ऑफिसचं काम साडेचारला संपतं. हातात पाऊण तास, त्यात पाच पोरं, एक शाकाहारी आई आणि मी. म्हणून ठरवलं की आधीच्या रविवारी रंगीत तालीम करायची, तीन वेगवेगळी पाकिटं आणायची, प्रत्येकातला थोडा थोडा शिजवून बघायचा आणि मगच ठरवायचं. तिन्ही पाकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची होती, नावं देत नाही, कारण असा पास्ता बऱ्याच कंपन्या काढतात आणि मला सांगायचंय ते पास्त्याच्या प्रकाराबद्दल आहे.

पहिलं पाकीट काळ्या स्पॅगेटीचं, इटलीहून आलेलं, ५०० ग्रॅम, ८ डॉलर. साधी स्पॅगेटी इथे दीड-दोन डॉलरला मिळते म्हणजे चौपट किंमत आहे हे मान्य. पण पाकीट उघडून त्या काड्या हातात घेतल्या ना, एकदम कोळशासारख्या काळ्या, किंचित खरखरीत, आणि नाकाजवळ नेल्या तर समुद्राचा वास, अगदी हलका, वाळवलेल्या मासळीसारखा उग्र अजिबात नाही. हा काळा रंग कटलफिशच्या शाईचा. इटालियनमध्ये नेरो दि सेप्पिया म्हणतात, व्हेनिसला आणि सिसिलीत ही शाई जेवणात घालायची जुनी पद्धत आहे. जुन्या फोटोंच्या तपकिरी रंगाला आपण सेपिया म्हणतो तो शब्द पण याच प्राण्यावरून आला, पूर्वी या शाईनं चित्रं काढायचे.

बायको मालवणची. तिनं पाकीट बघितलं आणि म्हणाली, "अरे ही तर माकुलाची शाई." कटलफिश काय किंवा स्क्विड काय, त्यांच्याकडे सगळं माकुलच. ती सांगत होती की लहानपणी माकुल साफ करताना शाईची पिशवी फुटली की तिची आई ओरडायची, कारण हात, पाट, मोरी सगळं काळं व्हायचं आणि दोन दिवस नखातून जायचं नाही, आणि ती पिशवी नेहमी बाहेर मांजराला. आपल्याकडे टाकून देतात ती वस्तू इथे आठ डॉलरच्या पाकिटात बसलेली बघून तिला फार मौज वाटली. तिनंच पहिला घास घेतला तालमीच्या दिवशी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा पास्ता शाकाहारी नाही. हे ठळक सांगतोय कारण दुकानात तो साध्या पास्त्याच्या शेजारीच ठेवलेला असतो, पाकिटावर माशाचं चित्र असेलच असं नाही, आणि अमेरिकेत आपल्यासारखा हिरवा ठिपका किंवा मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण छापायची पद्धत नाही. भारतात घेतलात तर ती खूण आधी बघा, इथे घेतलात तर मागचं बारीक अक्षर वाचा. माझ्या आईनं आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही, तिच्या ताटात चुकून हे गेलं असतं तर मला स्वतःला माफ करता आलं नसतं.

आणि ॲलर्जीचं तर अजून महत्त्वाचं. येणाऱ्या पोरांमध्ये एका मुलीला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे हे मला माहीत होतं. मी पाकीट उलटून बघितलं तर इंग्रजीत ॲलर्जीच्या ओळीत फक्त गहू. पण शेजारच्या इटालियन मजकुरात मोलुस्की, म्हणजे माकुल-शिंपल्यांचा वर्ग, हा शब्द ठळक टाइपात. मग कळलं की अमेरिकेच्या कायद्यात ज्या नऊ गोष्टी ॲलर्जी म्हणून वेगळ्या लिहायलाच लागतात त्यात कोळंबी, खेकडा, शेवंड येतात पण माकुल, शिंपल्या, तिसऱ्या येत नाहीत, आणि युरोपच्या चौदाच्या यादीत त्या येतात. म्हणजे घटकांमध्ये शाईचं नाव असतं, पण ॲलर्जीची ओळ वाचून पाकीट ठेवून दिलं तर तुम्हाला काहीच कळणार नाही. मी लगेच त्या मुलीच्या आईला फोन केला. ती म्हणाली बरं झालं विचारलंत, आम्ही तिला माकुल पण देत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, एकाची ॲलर्जी असलेल्यांना दुसऱ्याची पण असू शकते. तर कृपा करून, दुसऱ्यांची पोरं घरी जेवणार असतील तर हा पास्ता करायच्या आधी प्रत्येक घरी फोन करा, दोन मिनिटांचं काम आहे.

शिजवायचं कसं. पाणी भरपूर, १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर आणि त्यात १० ग्रॅम मीठ असं इटालियन गणित आहे, पण या काळ्याला मी मीठ निम्मंच घातलं कारण शाईचा स्वतःचा खारटपणा असतो, आणि तेच बरोबर झालं. पाकिटावर ९ मिनिटं लिहिलेली, मी ७ व्या मिनिटापासून एकेक काडी काढून चावून बघत होतो, कारण साध्या स्पॅगेटीत तोडल्यावर आत पांढरा ठिपका दिसतो तसा यात नीट दिसत नाही, सगळंच काळं, त्यामुळे दातालाच विचारायचं. ८ व्या मिनिटाला उतरवला. पाणी राखाडी झालं पण पास्त्याचा रंग जराही उतरला नाही, आणि तेल लागल्यावर असा चमकला की थोरली ओरडलीच, "बाबा हे चेटकिणीचे केस आहेत!"

चव म्हणाल तर मासळीची नाही, मासळीच्या जवळची. चिंबोऱ्याचा रस्सा संपल्यावर ताटाला जो एक गोडसर खारा अंश राहतो ना तसा. मला फार आवडली. धाकट्याला त्यात काही वेगळं जाणवलंच नाही, त्यानं लसूण आहे म्हणून खाल्ला.

सॉसबद्दल माझं ठाम मत झालंय. सगळीकडे काळ्या पास्त्यावर लाल टोमॅटो सॉस दाखवतात, रक्त म्हणून. मी तालमीला तसाच केला. पहिली दोन मिनिटं छान दिसला, मग ढवळल्यावर काळा पण मळकट आणि लाल पण मळकट, दोन्ही मेले. सॉस पास्त्यात मिसळायचाच नाही, खाली ओतायचा. आणि लालपेक्षा केशरी जास्त खुलतो, म्हणून मुख्य दिवशी मी भोपळ्याचा केला. डब्यातला भोपळ्याचा गर मिळतो, ४२५ ग्रॅमचा डबा, नुसता गर, साखर-मसाला घातलेला पाय फिलिंगचा डबा शेजारीच असतो तो चुकून उचलू नका. लोण्यावर पाच-सहा पाकळ्या लसूण बारीक चिरून, अर्धा डबा गर, अर्धी वाटी क्रीम, जायफळ, मिरपूड, चिमूटभर लाल तिखट, आणि पास्त्याचं पाणी दोन डाव. दहा मिनिटांत होतो. ते पाणी विसरू नका, त्यातल्या पिठाच्या अंशानं सॉस एकजीव होतो नाहीतर तूप वेगळं गर वेगळा. आणि अंगणात कोरून ठेवतात तो मोठा भोपळा यासाठी वापरू नका, तो पाणचट आणि धाग्याधाग्यांचा असतो, खायचा असेल तर लहान गोड जातीचा वेगळा मिळतो.

स्पॅगेटीवर ठेवायच्या डोळ्यांसाठी मोझरेला चीजचे छोटे गोळे आणले, चेरीएवढे. पाण्यातून काढून कागदी टॉवेलवर चांगले अर्धा तास कोरडे करायचे, नाहीतर पास्त्यावर पाणी सुटतं. प्रत्येकाला सुरीच्या टोकानं छोटा खळगा, त्यात काळ्या ऑलिव्हची चकती, आणि टूथपिक टोमॅटोच्या पेस्टमध्ये बुडवून दोन-तीन लाल शिरा. हे काम थोरलीनं केलं, जीभ बाहेर काढून, एकेक डोळा वेगळ्या दिशेला बघणारा. पास्ता गॅसवरून उतरवून वाढायच्या भांड्यात गेल्यावरच डोळे ठेवायचे, तालमीला मी गॅसवरच्या कढईतच ठेवले आणि सगळे वितळून आंधळे झाले. चीजच्या पाकिटावर पण शाकाहारी रेनेट (दूध नासवून चीज करायला घालतात ते) आहे का ते वाचा, मोझरेला बरेचदा चालतो पण खरं पार्मेजान वासराच्या पोटातलं रेनेट घालूनच करतात, ते आईच्या ताटावर अजिबात किसलं नाही.

दुसरं पाकीट काळ्या सोयाबीनच्या स्पॅगेटीचं. २०० ग्रॅम, ४ डॉलर, घटक फक्त दोन, काळं सोयाबीन आणि पाणी. गहू नाही. ५६ ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन असं पाकिटावर लिहिलंय आणि खाल्ल्यावर ते कळतं, दोन वाट्यांत पोट भरतं. हे आईसाठी आणलेलं. आई पाकीट हातात घेऊन बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "अरे, हे म्हणजे कडधान्याच्या शेवया की रे." अगदी तेच आहे. ज्याला हे कळलं त्याला हा पास्ता आवडतो, आणि जो गव्हाच्या स्पॅगेटीची अपेक्षा ठेवून खातो तो हिरमुसतो.

शिजवताना एक जपायचं, याला फेस भयंकर येतो, डाळीसारखा, झाकण ठेवलं की उतू गेलंच समजा. मोठं पातेलं, झाकण नको, वरचा फेस झाऱ्यानं काढत राहायचं. पाणी जांभळट होतं आणि पास्ता शिजल्यावर शाईसारखा काळाकुट्ट राहत नाही, काळपट हिरवा-तपकिरी होतो, शेवाळ्यासारखा. भुताच्या जेवणाला तो पण रंग चालतो, उलट तळ्यातल्या हडळीचे केस म्हणून जास्तच शोभतो. पाकिटावर ७ मिनिटं होती, मी साडेसहाला काढला, ८ पर्यंत गेला की पिठूळ होतो. चव मातकट, थालीपीठाची भाजणी भिजवल्यावर येतो तसा वास. त्याला गोड सॉस चालत नाही, भोपळ्याचा सॉस घातला तर नुसता गुळमट लागला. लसूण तेलात लाल करून, सुकी मिरची, वरून लिंबू, बास. आईनं तिच्या ताटात वरून लसणाची सुकी चटणी घातली आणि खरं सांगतो, त्या दिवशीच्या सगळ्या ताटांमध्ये चवीला तेच ताट सरस होतं.

दुकानात अजून एक काळा पास्ता होता, शाकाहारी लिहिलेला, म्हणून मी आधी तोच उचलला होता. घटक वाचले तर काळा रंग ॲक्टिव्हेटेड चारकोलचा, म्हणजे खास प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या पुडीचा. तो परत ठेवला. ही पूड औषधं शोषून घेते, विषबाधेत दवाखान्यात म्हणूनच देतात, आणि माझी आई रोज ब्लडप्रेशरची गोळी घेते. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यानं २०१८ मध्ये हॉटेलांना ही पूड पदार्थांत घालायला बंदी केली होती. घरात कोणी नेमानं औषधं घेत असेल, गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा, तर या रंगाच्या नादाला लागू नका.

तिसरं पाकीट, आकारांचं. ४०० ग्रॅम, ७ डॉलर, केशरी भोपळे, जांभळी वटवाघळं, पांढरी भुतं. पाकिटात इतकं सुंदर दिसतं की धाकट्यानं ते घरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही. म्हणूनच मला याचा राग आला. पोरानं आठवडाभर वाट बघितली आणि उकळत्या पाण्यात चार मिनिटांत वटवाघळांचे पंख गळून पडले. पंख पातळ आणि अंग जाड, त्यामुळे पंखांचा लगदा होतो तेव्हा मधला भाग अजून कच्चट असतो, कितीही मिनिटं धरा. मी मोजली, मूठभर, बत्तीस वटवाघळांपैकी अकरा धड राहिली. जांभळा रंग बिटाचा होता, तो पाण्यात उतरला आणि पंखाबरोबर रंग पण गेला, मागे राहिली मातीच्या रंगाची बुटकी काहीतरी. केशरी भोपळे मात्र टिकले, रंगानं आणि आकारानं पण. भुतांचे डोळे, म्हणजे ती दोन भोकं, फुगून बुजली. धाकटा चाळणीत बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, यांना काय झालं?" मला उत्तर सुचेना.

त्याच्यासाठी मग दुसऱ्यांदा केला. पाणी खळखळतं ठेवायचं नाही, मंद आंचेवर, लाकडी चमच्यानं तळाशी एकदाच हलवायचं, पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढायचा आणि चाळणीत आपटायचा नाही, झाऱ्यानं उचलायचा. तेव्हा निम्म्याहून जास्त वाचली. मग तो टोमॅटोच्या सारात सोडला, हो, आपलं साधं टोमॅटोचं सार, नारळाच्या दुधाशिवाय, आणि लाल सारात केशरी भोपळे तरंगताना इतके छान दिसले की पोराचं समाधान झालं. पण सात डॉलरला मी परत घेणार नाही. नोव्हेंबर लागला की हा सगळा हंगामी माल निम्म्या किमतीत काढतात, तेव्हा मिळाला तर बघू.

मुख्य दिवशी मग असं ठरलं. काळी स्पॅगेटी चार पोरांना आणि मला, सोयाबीनची आईला आणि त्या ॲलर्जीवाल्या मुलीला, तिच्या आईला आधी विचारून, कारण सोयाची पण ॲलर्जी असते. दोन वेगळी पातेली, दोन वेगळे चिमटे, दोन वेगळ्या चाळणी, आणि सोयाबीनचं सगळं आधी करून झाकून ठेवलं. या बाबतीत अजिबात घाई करू नका. साडेचारला पाणी ठेवलं, एका बाजूला भोपळ्याचा सॉस, पाच वाजता पास्ता पाण्यात, पाच वाजून बारा मिनिटांनी ताटं. डोळे दुपारीच करून फ्रीजमध्ये ठेवलेले.

वाढायला सांगलीहून आणलेली लोखंडी कढई काढली. चेटकिणीची कढई म्हणून याहून चांगलं भांडं कुठलं असणार, काळीभोर, दोन कान, तळाला गोल. फक्त वाढायलाच वापरली, सॉस स्टीलच्या पातेल्यात केला, टोमॅटो किंवा लिंबू घातलेलं काही लोखंडात ठेवलं तर कळकतं. कढईत खाली केशरी सॉस, वर काळ्या स्पॅगेटीची गुंडाळी, वर चोवीस डोळे वेगवेगळीकडे बघणारे. शाळेतली ती पोरं दारातून आत आली, कढईत डोकावली आणि एक सेकंद कुणी काही बोललंच नाही. मग एकदम सगळी ओरडली. मला जे हवं होतं ते त्या एका सेकंदात मिळालं.

ती ॲलर्जीवाली पोर जरा मागे उभी होती, तिला सवय आहे बहुतेक की पार्टीत आपल्याला वेगळं ताट मिळणार. आईनं तिला शेजारी बसवलं आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं की हा आपल्या दोघींचा पास्ता, हडळीचे केस, फक्त आजीला आणि तुला. मग बाकीच्या पोरांना पण तोच पाहिजे झाला. आईनं दिला नाही.

जेवताना आईनं त्यांना आपली भुतं सांगितली. पिंपळावरचा मुंजा, अमावस्येला मशाली घेऊन निघणारी वेताळाची पालखी, रानात वाट चुकवणारा चकवा. थोरली भाषांतर करत होती आणि करता करता स्वतःच घाबरत होती. मी सांगितलं की हॅलोवीनचा भोपळा आधी भोपळा नव्हताच, आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे, तिथली माणसं अमेरिकेत आली तेव्हा त्यांना इथे मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला. ते कुणी ऐकलं नाही, सगळ्यांना चकवाच परत हवा होता.

एक गोष्ट आधी करा जी मी करायला हवी होती. या शाईनं ओठ, दात, जीभ सगळं काळं होतं, पोरांना त्यात प्रचंड आनंद होतो आणि पाणी पिऊन, दात घासून जातं पण. पण कपड्यावर पडली तर तेलामुळे डाग लगेच निघत नाही. धाकटा पांढरी चादर पांघरून भूत झाला होता आणि चादर घालूनच जेवायला बसला. छातीवर तीन काळे फराटे. तो म्हणाला राहू दे बाबा, असंच भूत छान आहे, आणि तसाच गेला, पण दुसऱ्याच्या पोराचा महागाचा ड्रेस असता तर? आधी जेवण, मग सोंग. नाहीतर जुने टी-शर्ट वरून घाला.

मला विचाराल तर माकुलाच्या शाईच्या स्पॅगेटीला पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीचा कापला आणि ॲलर्जीची माहिती इंग्रजीत ठळक दिली नाही म्हणून खरं तर अजून अर्धा कापायला हवा. सोयाबीनच्या स्पॅगेटीला चार, आई म्हणते पाच. आकारांच्या पास्त्याला दोन, तेही केशरी भोपळ्यांमुळे. भोपळ्याच्या गराचा डबा दोन डॉलरचा, त्याला पैकीच्या पैकी, उरलेल्या अर्ध्या डब्याचे शनिवारी आईनं घारगे केले.

पाचशे ग्रॅमपैकी थोडी काळी स्पॅगेटी उरली होती. बायको रात्री साडेबाराला आली, डबा काढला, गरमही केला नाही, लिंबू पिळलं आणि ओट्याशी उभ्यानंच खाल्ली. काळे दात दाखवून म्हणाली, पुढच्या वेळी थोडी कोळंबी घाल, आणि पाकिटं दोन आण.